एका झाकल्या दुखण्याविषयी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, वाचनाची आवड अशा विषयांवर भाषणे होतात. ती व्हायलाच हवीत. पण यंदा मी चिटणीससाहेबांकडे एक वेगळाच विषय मागून घेतला. विषय ऐकून ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मास्तर, समोर लेकीसुना बसलेल्या असतात. जरा सांभाळून बोला." मी सांभाळूनच बोलणार आहे. पण बोलणार जरूर आहे. कारण या विषयावर कोणी बोलत नाही, आणि म्हणूनच कित्येक माणसे घरात कोंडून पडली आहेत.

काही आजारांत किंवा अपघातांत माणसाचा शौचाचा नैसर्गिक मार्ग बंद करावा लागतो. मग शल्यविशारद पोटावर एक छिद्र पाडून मोठ्या आतड्याचे तोंड तिथे आणून शिवतात. या शस्त्रक्रियेला कोलोस्टोमी म्हणतात आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. जीव वाचतो, पण शौचावरचा ताबा जातो. हा गेलेला ताबा थोडाफार परत मिळावा म्हणून माणसाने कोणकोणती साधने शोधली, त्यांतली कोणती उपयोगी पडली, कोणती फसली, हे मी आज सांगणार आहे.

मी विज्ञानाचा शिक्षक नव्हे. बी.ए., बी.एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकवणारा साधा मास्तर आहे. हा विषय मला माझ्या मामूंमुळे शिकावा लागला. त्यांच्या परवानगीनेच त्यांची हकीकत सांगतो. ते म्हणाले, "नाव घेऊ नकोस, बाकी सगळे सांग."

मामू सुतारकाम करणारे. मशिदीत पहिल्या सफमध्ये त्यांची जागा ठरलेली. गुदाशयाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, कर्करोग गेला आणि पोटावर डाव्या बाजूस स्टोमा राहिला, तो कायमचा. घरी आल्यावर पहिले काही महिने आम्ही सगळे अल्लाहचे आभार मानत होतो की माणूस वाचला. हळूहळू ध्यानात आले की वाचलेला माणूस घराबाहेर पडेनासा झाला आहे. जुम्म्याची नमाज सुटली. दिवसातून एकदाच जेवू लागले, तेही थोडे. पोटात काही गेलेच नाही तर बाहेर काही येणार नाही, हा हिशेब. शेवटी स्वतःच्या मुलीच्या निकाहाच्या दिवशी ते आतल्या खोलीत बसून राहिले. वकील आणि साक्षीदार खोलीत येऊन त्यांची गाठ घेऊन गेले. पाहुण्यांना आम्ही सांगितले, ताप आहे. खरे कारण असे की, मंडपात बसले असताना आवाज झाला किंवा वास आला तर काय, या एका भीतीने त्यांना जागेवर खिळवून ठेवले होते.

मित्रहो, त्या दिवशी मला समजले की आजार बरा होणे आणि माणूस बरा होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आधी शरीराची रचना पाहू. आपले मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. लहान आतड्यातून पातळ अन्नरस त्यात येतो. पुढे सरकता सरकता त्यातले पाणी शोषले जाते आणि डाव्या बाजूला पोहोचेपर्यंत मळ घट्ट होतो. शेवटी गुदाशय आणि गुदद्वार. गुदद्वाराभोवती स्नायूंची दोन वळी असतात. आतले वळे आपल्या इच्छेवाचून आपोआप आवळलेले राहते. बाहेरचे आपण इच्छेने आवळू शकतो. शिवाय त्या जागेच्या मज्जातंतूंना आत घन आहे, पातळ आहे की नुसता वायू आहे, हेसुद्धा ओळखता येते. आपण सभेत तासभर निवांत बसतो ते या पहारेकऱ्यांच्या भरवशावर.

पोटावरच्या स्टोमाला यांतले काहीच नसते. वळे नाही, सूचना देणारी संवेदना नाही. मळ जेव्हा येईल तेव्हा येतो, वायू जेव्हा सुटेल तेव्हा सुटतो. माणसाचा त्यात काही दोष नसतो, आळस नसतो, अस्वच्छता नसते. विद्यार्थ्यांनी हे पक्के लक्षात ठेवावे. स्टोमा लाल, ओलसर दिसतो, पण त्याला स्पर्श केला तर दुखत नाही. आणि तो संसर्गजन्य तर मुळीच नाही. अशा माणसाचे ताट, पांघरूण, बसायची चटई वेगळी काढण्याचे काही कारण नाही.

ही अवस्था केवळ म्हाताऱ्यांची असते असेही नव्हे. सुमारे ५,००० जन्मांमागे एका बाळाचे गुदद्वार जन्मतः तयार झालेले नसते. अशा पुष्कळ बाळांना मोठी शस्त्रक्रिया होईपर्यंत काही महिने कोलोस्टोमी करावी लागते. उद्या असे मूल आपल्या बालवाडीत येऊ शकते. म्हणून शिक्षकांनाही हे ठाऊक पाहिजे.

आता थोडा इतिहास; तो माझ्या हक्काचा विषय.

१७७६ साली फ्रान्समधील रूआँ येथे पिलोर नावाच्या शल्यविशारदाने आतडे तुंबलेल्या एका दारूच्या व्यापाऱ्यावर अशी शस्त्रक्रिया केली. बाहेर येणारा मळ टिपण्यासाठी छिद्रावर स्पंज ठेवून तो पट्ट्याने बांधला. शस्त्रक्रिया साधली, पण आतडे मोकळे व्हावे म्हणून आधी पाजलेल्या पाऱ्याने आतड्याला इजा झाली होती आणि रोगी २८ दिवसांनी दगावला. १७९३ साली फ्रान्समध्येच ब्रेस्त येथे ड्यूरे याने गुदद्वार नसलेल्या, अवघ्या ३ दिवसांच्या बाळावर कोलोस्टोमी केली. ते बाळ पुढे ४५ वर्षे जगले. त्याच सुमारास एक शेतकरी गाडीवरून पडला आणि खुंटा त्याच्या पोटात घुसला. तोही शस्त्रक्रियेने वाचला आणि कातड्याची एक लहान बटव्यासारखी पिशवी कमरेला बांधून म्हातारपणापर्यंत वावरला. पहिले साधन असे होते: स्पंज, पट्टा आणि कातड्याचा बटवा.

१९०८ साली लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगावर एक मोठी शस्त्रक्रिया मांडली. तिने रोग्यांना जगण्याची आशा दिली. पण तिच्यात गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढून पोटावर कायमचा स्टोमा ठेवावा लागे. म्हणजे शल्यविद्या पुढे गेली आणि स्टोमा घेऊन जगणारी माणसे वाढली. त्या माणसांनी पुढचे आयुष्य कसे काढावे, हा विचार मात्र मागे राहिला. चिंध्या, कापूस, पट्ट्याला अडकवलेले डबे, रबराच्या जड पिशव्या यांवर त्यांनी दिवस काढले.

आणि आता ऐका, या कामाला गती कोणी दिली.

१९४० च्या दशकात शिकागोमध्ये केनिग नावाच्या एका तरुणावर लहान आतड्याच्या स्टोमाची शस्त्रक्रिया झाली. तो रसायनशास्त्राचा विद्यार्थी होता. स्वतःचे दुःख आणि स्वतःचे शिक्षण यांची त्याने सांगड घातली आणि रबरी चिकाने कातडीला घट्ट चिकटेल अशी पिशवी तयार केली. ती पुढे बाजारात आली आणि हजारोंनी वापरली.

१९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिस सोरेन्सन नावाची एक परिचारिका होती. तिची बहीण थोरा हिच्यावर स्टोमाची शस्त्रक्रिया झाली होती आणि गळतीच्या धास्तीने ती घराबाहेर पडत नव्हती. अगदी आमच्या मामूंसारखी. एलिसने विचार केला की पिशवी हलक्या प्लास्टिकची असावी, तिच्या तोंडाभोवती चिकट कडे असावे, आणि वापरून टाकून देता यावी. कल्पना एवढीच. कारखानदार ती ऐकून घेईनात. शेवटी प्लास्टिकचा कारखाना असलेल्या ओगे लुई-हान्सन या गृहस्थाने मनावर घेतले, तेही त्याची पत्नी योहाने हिने भरीस घातले म्हणून. कारण ती स्वतः परिचारिका होती. १९५७ साली त्यातून कोलोप्लास्ट ही कंपनी निघाली.

तिसरी व्यक्ती अमेरिकेतील नॉर्मा गिल. ती डॉक्टर नव्हती, परिचारिकाही नव्हती. स्टोमा असलेली एक गृहिणी होती. क्लीव्हलँड क्लिनिकमधील तिचे शल्यविशारद रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली तिला दुसऱ्या रोग्यांना शिकवण्यासाठी आपल्याकडे कामाला घेतले. १९६१ साली त्याच रुग्णालयात या विषयाची शाळा निघाली. स्टोमाची काळजी घेणाऱ्या परिचारिकांची स्वतंत्र शाखा तिथून जगभर पसरली.

याच टर्नबुल यांची आणखी एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे. गळणाऱ्या मळाने स्टोमाभोवतीची कातडी सोलवटून निघे. १९५२ साली टर्नबुल यांच्या ध्यानात आले की कराया नावाच्या डिंकाची पूड ओल्या कातडीवर चिकटून बसते आणि तिचे रक्षण करते. कवळी बसवण्यासाठी ही पूड तेव्हा वापरात होतीच. आता कराया डिंक म्हणजे काय? तो आपल्या रानातल्या कांडोळाचा डिंक! उन्हाळ्यात पाने गळून पांढऱ्याफटक खोडानिशी उभे असते, ज्याला काही ठिकाणी भुताचे झाड म्हणतात, तेच हे झाड. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, आंध्र इकडच्या जंगलांत आदिवासी बांधव तो डिंक गोळा करतात आणि भारतातून तो परदेशी जात आला आहे. आपल्या डोंगरावरच्या डिंकाने सातासमुद्रापलीकडच्या रोग्यांची कातडी वाचवली. त्या झाडाखालून आपण किती वेळा गेलो असू. पण तसा प्रश्न आपल्या मनात आला नाही. पुढे जिलेटिन, पेक्टिन यांसारख्या पदार्थांच्या चकत्या निघाल्या आणि करायाचा वापर कमी झाला.

येथवर आपण पिशवीविषयी बोललो. पण पिशवी म्हणजे ताबा नव्हे. पिशवी येईल ते सांभाळते. केव्हा यावे हे ठरवत नाही. ताबा म्हणजे वेळ आपण ठरवणे. त्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांचे मुख्य चार प्रकार मी सांगतो.

पहिला प्रकार सर्वांत जुना आणि सर्वांत साधा: पाण्याने आतडे धुणे. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील लॉकहार्ट-ममरी यांनी १९२७ साली ही पद्धत मांडली. पाण्याची पिशवी खांद्याच्या उंचीवर टांगतात. साधारण अर्धा ते एक लिटर कोमट, पिण्याइतके स्वच्छ पाणी नळीने स्टोमातून हळूहळू आत सोडतात. आतडे ताणले जाते, मग जोराने आकुंचन पावते आणि डाव्या बाजूचा सगळा मळ एका लांब प्लास्टिकच्या बाहीतून थेट संडासात जातो. सगळे मिळून पाऊण तास ते तासभर लागतो. मग आतडे पुन्हा भरायला वेळ लागतो. त्यामुळे पुढचे २४ तास, काहींना ४८ तासही, काही येत नाही. स्टोमावर एक लहानशी टोपी किंवा पट्टी पुरते. पूर्वी यासाठी लांब नळी आत घालीत आणि कधी कधी आतड्याला भोक पडे. पुढे नळीच्या टोकाला मऊ शंकू आला. तो स्टोमाच्या तोंडाशीच अडतो, आत खोल जात नाही, आणि पाणीही मागे फिरू देत नाही. एवढ्याशा शंकूने ही पद्धत पुष्कळ सुरक्षित केली.

पण हे सर्वांसाठी नाही. स्टोमा मोठ्या आतड्याच्या डाव्या, शेवटच्या भागाचा असेल आणि मळ घट्ट असेल तरच याचा उपयोग. लहान आतड्याच्या स्टोमाला नाही. हर्निया, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, आतड्याची सूज असेल तर डॉक्टर मनाई करतात. म्हणून आपल्या शल्यविशारदाला विचारल्याशिवाय आणि परिचारिकेकडून हाताने शिकल्याशिवाय कोणीही याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरा प्रकार लोहचुंबकाचा. १९७५ साली जर्मनीत फॉयस्टेल आणि हेनिग यांनी समेरियम-कोबाल्टचे चुंबकीय कडे स्टोमाभोवती कातडीखाली बसवले आणि वरून चुंबकाचेच झाकण लावले. झाकण आपोआप चिकटे. किती सुंदर कल्पना! जगभर तिचे कौतुक झाले. पण शरीराला ती मानवली नाही. कड्याभोवती जंतुसंसर्ग होई, दाबाने कातडी मरे, आणि पुष्कळांचे कडे पुन्हा काढावे लागले. पद्धत मागे पडली. मी ही गोष्ट मामूंना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, भोकाला दट्ट्या बसवणे सोपे असते, कारण लाकूड मेलेले असते. लाकूड जिवंत असते तर एकही दट्ट्या बसला नसता." मित्रहो, या संपूर्ण विषयाचे मर्म त्या वाक्यात आहे.

तिसरा प्रकार बुचाचा. १९८६ साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात एका नव्या बुचाची माहिती दिली. ते मऊ पॉलियुरेथेन स्पंजाचे असते. स्पंज दाबून, बारीक करून पाण्यात विरघळणाऱ्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला असतो. बूच आत सरकवले की ओलाव्याने पापुद्रा विरघळतो, स्पंज फुगतो आणि मार्ग अडवतो. घट्ट मळ थांबतो. पण वायूचे काय? वायू कोंडला तर पोट फुगेल. म्हणून बुचात कोळशाची गाळणी ठेवली. वायू तिच्यातून आवाज न करता बाहेर पडतो आणि वास कोळशात अडकतो. काही तासांनी बूच काढून टाकायचे. कोणी ते पिशवीऐवजी वापरतात, कोणी आतडे धुतल्यानंतर. कोणाच्या आतड्याला ते सोसवत नाही आणि आतडे त्याला बाहेर ढकलते.

चौथा प्रकार या शतकातला: आत काहीच न घालता बाहेरून मऊ, हवेच्या उशीसारखे झाकण स्टोमाच्या तोंडावर अलगद टेकवून ठेवायचे. दिवसातले काही ठरावीक तासच ते लावायचे. येथे सगळी कसोटी दाबाची. दाब कमी पडला तर गळती. जास्त झाला तर स्टोमाच्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात, तो काळवंडतो आणि मरू लागतो. या दोहोंमधली जागा फार अरुंद आहे. तीच शोधणे हे साधन बनवणाऱ्याचे काम.

म्हणजे चांगल्या साधनाची परीक्षा काय? मळ थांबला पाहिजे, वायू सुटला पाहिजे, वास अडला पाहिजे, रक्त वाहते राहिले पाहिजे, कातडी शाबूत राहिली पाहिजे, आणि रोग्याला ते स्वतःच्या हाताने लावता-काढता आले पाहिजे. मी आपल्या बाजूने त्यात दोन अटी घालतो. ते आपल्या दमट, घामाच्या हवेत टिकले पाहिजे. आणि ते रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाच्या खिशाला परवडले पाहिजे. आपल्याकडे पिशवी परवडत नाही म्हणून साधी प्लास्टिकची थैली सुतळीने बांधून वावरणारी माणसे आहेत. ज्या दिवशी आपल्या शाळेतला एखादा मुलगा किंवा मुलगी या दोन अटी पुऱ्या करील, त्या दिवशी मी स्वतः पेढे वाटीन.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग. आपल्या दीनमध्ये पाकीला फार मोठे स्थान आहे. वुजूशिवाय नमाज नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. म्हणूनच स्टोमा झालेला मुसलमान पहिल्याच दिवशी मनात धरून बसतो की आपण आता नापाक झालो, नमाज आपल्यासाठी राहिली नाही. हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. तुर्कस्तानात अंकारा येथील शल्यविशारदांनी २००२ साली मुस्लिम रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गुदाशयाच्या कर्करोगात ज्यांचा नैसर्गिक मार्ग वाचला होता, त्यांच्यापेक्षा कायमची कोलोस्टोमी झालेल्यांमध्ये नमाज आणि रोजे बरेच कमी झालेले दिसले.

पण शरीअतने अशा माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. ज्याचा स्राव त्याच्या इच्छेने थांबत नाही, तो मअजूर. नमाजची वेळ झाल्यावर त्याने ताजा वुजू करावा आणि नमाज पढावी. मग मध्येच काही आले तरी त्याची नमाज होते. हनफी असोत वा शाफई, दोन्हीकडे अशा माणसासाठी सवलत आहे. तपशिलात फरक आहे, तो आपापल्या आलिमांना विचारावा. माझी इमामसाहेबांना नम्र विनंती आहे की वर्षातून एकदा जुम्म्याच्या बयानात त्यांनी हा मसला आपण होऊन सांगावा. कारण ज्याला तो विचारायचा असतो, तो मशिदीपर्यंत आलेलाच नसतो.

आमच्या मामूंना एका स्टोमा परिचारिकेने आतडे धुण्याची पद्धत शिकवली. आपल्या भारतीय बैठकीच्या संडासात पाऊण तास उकिडवे कसे बसणार, हा पहिला प्रश्न होता. मामूंनी स्वतःच्या हाताने एक बुटके लाकडी स्टूल केले, त्याच्या पुढच्या बाजूस खाच ठेवली, भिंतीवर पाण्याच्या पिशवीसाठी खुंटी ठोकली. सुरुवातीला घोटाळे झाले. कधी पाणी आतच राही, कधी अवेळी येई. पाच-सहा आठवडे गेले आणि आतड्याला सवय लागली. ते रोज पहाटे फजरच्या आधी उठून हे उरकू लागले. रमजानात हे काम इफ्तारनंतर ठेवले, म्हणजे रोजाविषयी मनात शंकाच नको.

एका जुम्म्याला ते मशिदीत आले. शेवटच्या सफमध्ये, दाराजवळ उभे राहिले. वाटले तर लगेच बाहेर पडता यावे म्हणून. नमाज झाली. काहीही झाले नाही. पुढच्या जुम्म्याला ते एक सफ पुढे होते. आज ते कुठे उभे असतात हे मी सांगत नाही. आपल्यापैकी कित्येक जण त्यांच्या शेजारी उभे राहतात आणि त्यांना ठाऊकही नसते. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र त्या शंकूला आणि त्या पाण्याच्या पिशवीला काय देता येईल?

सगळ्यांच्या बाबतीत असेच होईल असे मी म्हणत नाही. ज्याला धुण्याची पद्धत चालत नाही, त्यालाही चांगली पिशवी नीट लावायला शिकवली तर तो बाहेर पडू शकतो. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा असलेल्यांसाठी खास विभाग आहे आणि परिचारिकांना या शाखेचे शिक्षणही तेथे मिळते. स्टोमा असलेल्या लोकांनीच चालवलेली ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटनाही मुंबईत आहे. विचारायला जावे. विचारण्यात कमीपणा नाही.

पालकांना माझे दोन शब्द. तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याचे ताट सर्वांबरोबर वाढा, त्याला लग्नकार्याला न्या, आणि "ताप आहे" असे खोटे सांगू नका. आम्ही ते सांगितले, आणि त्याची बोच मला अजून आहे. दुसरे, मुलीने परिचारिका व्हायचे म्हटले की आपल्याकडे पुष्कळ घरांत कपाळाला आठ्या पडतात. "लोकांची घाण काढणार का?" असे विचारतात. एलिस आणि योहाने या दोन परिचारिका नसत्या तर लाखो माणसे त्या घाणीतच बसून राहिली असती. आपल्या भगिनींशी त्यांच्या भाषेत, त्यांचा पडदा राखून बोलणारी, वुजूची अडचण न सांगता समजणारी परिचारिका आपल्याच घरांतून निघायला हवी.

विद्यार्थ्यांनो, तुम्हाला वाटते की शोध लावायला मोठी प्रयोगशाळा आणि परदेशी पदवी लागते. आज मी सांगितलेली नावे आठवा. एक आजारी विद्यार्थी, एक परिचारिका, एक गृहिणी. त्यांच्याकडे काय होते? शेजारच्या माणसाच्या दुःखाकडे पाहून नाक न दाबता, "याला काय करता येईल?" असे विचारण्याची ताकद. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र हे सारे त्या प्रश्नानंतर कामाला येते. दाब म्हणजे काय, कोळसा वास कसा अडकवतो, स्पंज का फुगतो, हे सगळे तुमच्या पाठ्यपुस्तकांतलेच विषय आहेत. परीक्षेत त्याला मार्क मिळतात. बाहेर त्यानेच एखाद्या माणसाला त्याच्या मुलीच्या निकाहात बसता येते.

मामूंना मी विचारले, भाषणाच्या शेवटी काय सांगू? ते म्हणाले, "धाकटीचा निकाह पुढच्या महिन्यात आहे. मी मंडपात बसणार आहे, एवढे सांग."

ते सांगितले.  खुदा हाफिज. जय हिंद!